तीन आठवड्यांचा नियम: एका नागरी सहकारी बँकेतले सुरक्षा अपडेट

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका जिल्ह्यातली ही नागरी सहकारी बँक. तेवीस शाखा, मुख्य कार्यालय धरून साधारण १९० संगणक, आणि ते सगळे सांभाळायला आयटी विभागात तीन माणसे. बँकेची ओळख पटू नये म्हणून काही आकडे गोल केले आहेत, काही तपशील गाळले आहेत. मी बाहेरचा सल्लागार. महिन्यातून दोन दिवस प्रत्यक्ष जायचो, बाकी सगळे फोनवर.

खात्यांचा मुख्य हिशेब, म्हणजे सीबीएस, पुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये होता. बँकेच्या स्वतःच्या ताब्यात दोन डोमेन कंट्रोलर (कोणता कर्मचारी कुठल्या नावाने, कुठल्या अधिकाराने आत येऊ शकतो हे ठरवणारे सर्व्हर), एक फाइल सर्व्हर, चेक स्कॅन करून क्लिअरिंगला पाठवणारी दोन यंत्रे आणि शाखांमधले काउंटर. काउंटरवरचे सर्वांत महत्त्वाचे यंत्र कोणते, असे कुठल्याही शाखाधिकाऱ्याला विचारा. तो संगणक म्हणणार नाही, पासबुक प्रिंटर म्हणेल. एटीएम बंद असले तर लोक कुरकुरत पुढच्या एटीएमकडे जातात. पासबुक भरून मिळाले नाही तर केबिनमध्ये येऊन बसतात.

मार्च २०२१ मध्ये बँकेचे तोंड पोळले होते. ९ मार्चला मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट आले आणि ते बसलेल्या विंडोज १० च्या यंत्रांवरून काही कंपन्यांच्या प्रिंटरला छपाईचा आदेश दिला की थेट निळा पडदा येऊन यंत्र बंद पडायला लागले. हे जगभर झाले. मायक्रोसॉफ्टने १५ मार्चला दुरुस्ती काढली, १८ ला आणखी एक. पण बँकेत तेव्हा वर्षअखेर. कर्ज विभागाची मंजुरीपत्रे अडकली, आणि आयटी अधिकारी मॅडमनी दोन दिवस शाखाशाखांत जाऊन अपडेट हाताने उतरवले. सरव्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, एकतीस मार्चपर्यंत एकाही मशिनला हात लावायचा नाही."

एकतीस मार्च गेला, पण तो आदेश राहिला. एप्रिलपासून त्याचे रूप झाले, "कोणतंही अपडेट तीन आठवडे थांबूनच." तीनच आठवडे का, हे कुठे लिहिलेले नव्हते. मी मॅडमना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तेवढ्यात जगाला काय व्हायचं ते होऊन जातं, मग आपण बसवायचं." या तर्कात तथ्य आहे. अपडेट बिघडलेले असले तर त्याची ओरड पहिल्या आठवड्यातच होते. फक्त थांबलेल्या दिवसांत आपली कोणती दारे उघडी राहतात, हा हिशेब त्यात नव्हता. लेखापरीक्षकाच्या तक्त्यात "सुरक्षा अपडेट केली जातात का?" यापुढे दरवर्षी "होय" अशी टिक होत होती, आणि ती खोटी नव्हती.

अडचण

८ जून २०२१ च्या मासिक अपडेटमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली एक त्रुटी बुजवलेली होती. स्पूलर म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारी सेवा. ती विंडोजमध्ये आपोआप चालू असते, अगदी ज्या सर्व्हरला जन्मात प्रिंटर जोडला जाणार नाही त्यावरसुद्धा. तीन आठवड्यांच्या नियमाने हे अपडेट बँकेत २९ जूनला मंजूर झाले.

नेमक्या त्याच दिवशी चिनी सुरक्षा कंपनी सांगफोरच्या संशोधकांनी स्पूलरच्या त्रुटीचा वापर करून दाखवणारा कोड जाहीर केला. हे भोक जूनच्या अपडेटने बुजले आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते वेगळे निघाले. त्यांनी कोड लगेच काढून घेतला, पण तोवर नकला झाल्या होत्या. १ जुलैला मायक्रोसॉफ्टने नव्या त्रुटीला स्वतंत्र क्रमांक दिला, सीव्हीई-२०२१-३४५२७. लोकांनी नाव दिले प्रिंटनाइटमेअर.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर कोणत्याही शाखेतल्या कोणत्याही क्लार्कचे साधे लॉगिन ज्याच्या हाती पडेल, तो त्या लॉगिनच्या जोरावर डोमेन कंट्रोलरच्या स्पूलरकडे "हा प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) घे" म्हणून आपला कोड सरकवू शकत होता, आणि तो कोड सर्व्हरवर सर्वोच्च अधिकाराने चालत होता. एका क्लार्कने एका बनावट मेलवर क्लिक करणे आणि पूर्ण बँकेच्या किल्ल्या जाणे, यांत मग फार अंतर उरत नाही.

१ जुलैला या भोकावर अपडेटच नव्हते. त्यामुळे "किती लवकर बसवायचे" हा प्रश्न सुरुवातीला आमच्यापुढे आलाच नाही, आणि आज वाटते की ते बरे झाले. अपडेट हाताशी असते तर आम्ही फक्त दिवसांवर वाद घालत बसलो असतो.

समोरचे पर्याय

गुरुवारी दुपारी फोनवर तिघे होतो: सरव्यवस्थापक, मॅडम आणि मी.

साहेबांचा पहिला कल थांबण्याकडे. मार्च त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. शिवाय त्यांनी एक मुद्दा काढला तो बिनतोड होता. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या या व्हायरसने न्हावा-शेव्याच्या बंदरातले एक टर्मिनल बंद पाडले. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाली होती. "अपडेटमधूनच रोग येतो, मग घाई कशाला?" मी त्याच वर्षातले दुसरे उदाहरण दिले. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजच्या ज्या भोकातून हात घातला त्याचे अपडेट १४ मार्च २०१७ ला आलेले होते आणि हल्ला झाला १२ मेला. मध्ये ५९ दिवस होते. नॉटपेट्यासुद्धा आत शिरल्यावर पसरायला तेच जुने भोक वापरत होता. आम्ही दोघेही बरोबर होतो, त्यामुळे उदाहरणांनी काही ठरले नाही.

सगळीकडचा स्पूलर बंद करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता, पण तो अशक्य होता. पासबुक नाही, ठेव पावती नाही, दिवसअखेरचे रिपोर्ट नाहीत. करोनाच्या निर्बंधांमुळे शाखांचे कामकाज आधीच आखडलेले, त्यात हे कोणी ऐकले नसते.

मग मॅडमनी विचारले, "सर, डोमेन कंट्रोलरवरून आपण काही छापतो का?" त्या एका प्रश्नाने पर्यायांची मांडणी बदलली. सगळी बँक एकदम की थांबून, हे सोडून आम्ही यंत्रानुसार विचार करायला लागलो. सर्व्हरवर स्पूलर पूर्ण बंद करायचा. काउंटरच्या यंत्रांवर ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या यंत्रांना एकदम लावायच्या सेटिंगने) फक्त बाहेरून येणाऱ्या छपाईच्या जोडण्या नाकारायच्या; त्याने स्वतःला केबलने जोडलेला प्रिंटर चालू राहतो, दुसऱ्या यंत्राकडून आलेले काम मात्र घेतले जात नाही. अपडेट येईल तेव्हा त्याचा वेग पुन्हा वेगळा ठरवायचा.

पहिला निर्णय: सर्व्हर त्याच दिवशी

दुपारी साडेतीनला दोन्ही डोमेन कंट्रोलरवरचा स्पूलर बंद झाला. चार वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन. मुख्य कार्यालयातली छपाई बंद पडली होती.

मॅडमच्या प्रश्नाला मी "नाही, कशाला छापू?" असे आत्मविश्वासाने उत्तर दिले होते. प्रत्यक्षात काही वर्षांपूर्वी कोणीतरी सोयीसाठी मुख्य कार्यालयातले तीन प्रिंटर दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवरूनच सामायिक केले होते. म्हणजे ज्या सर्व्हरवर स्पूलर असूच नये, तोच आमचा प्रिंट सर्व्हर. हे आम्हाला तो बंद पडल्यावर कळले.

इथे खरा कस लागला. संचालक मंडळाच्या सभेची टिपणे छापायची होती आणि साहेब म्हणत होते, "आत्ता चालू करा, रात्री बंद करा." मॅडमनी नाही म्हटले. एका जुन्या संगणकाला तीनही प्रिंटर जोडून संध्याकाळी सातपर्यंत टिपणे काढून दिली. तो संगणक पुढे सहा महिने तिथेच राहिला, पण ते वेगळे.

दुसरा निर्णय: शाखा

शाखांवर पॉलिसी लावायच्या आधी एक गोष्ट माहीत हवी होती: कुठल्या शाखेत दोन काउंटर एकच पासबुक प्रिंटर वापरतात? तशी यादी नव्हती. शुक्रवारी तेवीस शाखाधिकाऱ्यांना फोन केले. नऊ शाखांत वापरत होते. तिथे पॉलिसी लावली तर दुसऱ्या काउंटरवरचे पासबुक बंद.

या नऊ शाखांना वगळायचे का? वगळले असते तर चालले असते, कारण सर्वांत मोठा धोका सर्व्हरचा होता आणि ते दार बंद झाले होते. पण वगळलेली यंत्रे कायमची वगळलेली राहतात, हा माझा अनुभव. शेवटी तोडगा बाजारातून आला. एका प्रिंटरला दोन संगणक जोडणारी आणि बटन दाबून बदलायची छोटी स्विच पेटी मिळते, काही शे रुपयांना. नऊ पेट्या जिल्ह्याच्या गावातून आणल्या आणि सोमवार-मंगळवारी शाखांच्या टपालाबरोबर पाठवल्या. क्लार्क लोकांनी दोन दिवस बटनाला शिव्या घातल्या.

पॉलिसी लागू व्हायला स्पूलर एकदा बंद होऊन चालू व्हावा लागतो. त्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. आमच्या शाखांत संध्याकाळी जाताना शिपाईमामा मेन स्विचच बंद करून जातात, आगीच्या भीतीने. बुधवारी सकाळी यंत्रे चालू झाली ती पॉलिसी घेऊनच.

तिसरा निर्णय: अपडेटला किती दिवस

त्याच बुधवारी, ७ जुलैला सकाळी, मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या वेळापत्रकाची वाट न पाहता काढलेले अपडेट दिसले. विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांचे आले. विंडोज सर्व्हर २०१६ चे एक दिवस मागाहून. आमचा मुख्य डोमेन कंट्रोलर २०१६ चाच. तोवरच्या उपायांची किंमत त्या एका दिवसात कळली, कोणी घाबरले नाही.

नियमाप्रमाणे मोजले तर २८ जुलै. मी तीन दिवस म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "शनिवार." १० जुलै दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेला सलग दोन दिवस सुट्टी. बुधवार-गुरुवार दोन शाखांत आणि मुख्य कार्यालयात चाचणी, शुक्रवारी रात्री सर्वत्र. चाचणीसाठी शाखा निवडताना मी सर्वांत शांत शाखा सुचवली. मॅडमनी मुद्दाम सर्वांत गर्दीची घेतली, कारण सगळ्या प्रकारचे प्रिंटर तिथेच होते. त्यांचेच बरोबर होते.

चाचणीत पासबुक प्रिंटर नीट चालले. रेकॉर्ड विभागातला लेबल छापायचा यूएसबी प्रिंटर मात्र मुका झाला. या अपडेटने अशा लेबल आणि पावती छापणाऱ्या प्रिंटरना त्रास होतो हे मायक्रोसॉफ्टनेही कबूल केले आणि दुरुस्ती काढली. आमच्याकडे त्या प्रिंटरची तक्रार आठवडाभर कोणी केली नाही.

चाचणीतून निघालेली दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अपडेट बसूनही भोक काही यंत्रांवर उघडेच राहते, असे संशोधक दाखवत होते: जिथे प्रिंटरचा ड्रायव्हर इशारा न देता, पासवर्ड न मागता बसू द्यायची सेटिंग मुद्दाम चालू केलेली असेल तिथे. क्लार्कना सारखा पासवर्ड विचारायला लागू नये म्हणून आमच्याकडे ती चालू होती. गुरुवारी ती बंद केली. नुसते "अपडेट झाले" म्हणून टिक केली असती तर १९० यंत्रे कागदावर सुरक्षित आणि प्रत्यक्षात उघडी राहिली असती.

राहिला प्रश्न वाहतुकीचा. शाखेची लाइन २ एमबीपीएस. अपडेट अर्धा जीबी धरले तर पूर्ण लाइन मिळूनही एका यंत्राला अर्ध्या तासाहून जास्त; आठ यंत्रांच्या शाखेत साडेचार तास. आणि त्याच लाइनवर सीबीएस. दिवसा करणे शक्यच नव्हते, आणि रात्री मेन स्विच बंद. शेवटी साहेबांनी तेवीस शाखाधिकाऱ्यांना, आणि शाखाधिकाऱ्यांनी तेवीस शिपाईमामांना सांगितले: शुक्रवारी रात्री मेन स्विच बंद करायचा नाही. सगळ्या बेतात मला याचीच सर्वांत जास्त धाकधूक होती.

परिणाम

सोमवारी १२ जुलैला १९० पैकी १६१ यंत्रांवर अपडेट होते. एकोणीस शाखांत मेन स्विच चालू राहिला, चार शाखांत सवयीने बंद झाला. काउंटर वेळेवर उघडले.

उरलेल्या २९ पैकी बंद राहिलेली १६ यंत्रे आठवड्याभरात झाली. अकरा विंडोज ७ ची होती. त्यांची मुदत जानेवारी २०२० मध्येच संपली होती आणि पैसे भरून मिळणारी मुदतवाढ बँकेने घेतली नव्हती. त्यांच्यावर पॉलिसी ठेवली आणि ती बदलायचा प्रस्ताव मंडळापुढे गेला. दोन वर्षे न हललेला प्रस्ताव एका सभेत मंजूर झाला. चेक क्लिअरिंगच्या दोन यंत्रांना पुरवठादाराने "हात लावू नका" म्हटले. त्याच्याकडून ते लेखी घेतले आणि ती यंत्रे वेगळ्या नेटवर्कवर टाकली.

१३ जुलैला अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने तिथल्या केंद्रीय खात्यांना आदेश दिला की दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या डोमेन कंट्रोलरवरचा स्पूलर बंद करा. जुलैच्या मध्यातच मॅग्निबर नावाच्या खंडणी सॉफ्टवेअरने दक्षिण कोरियात या भोकाचा वापर केल्याचे पुढे उघड झाले; ऑगस्टमध्ये आणखी एका टोळीचे नाव आले. आमचा जुना नियम २८ जुलै म्हणत होता.

आमच्या बँकेवर हल्ला झाला नाही. तो होणार होता आणि आम्ही वाचवला, असे मी म्हणू शकत नाही. कदाचित कोणाचे लक्षच गेले नसते.

२२ जुलैपासून पूर आला. नदीकाठच्या दोन शाखांची यंत्रे आदल्या रात्री वरच्या मजल्यावर हलवली गेली, काही एका संचालकांच्या घरी. शाखा पुन्हा उघडल्या त्या ऑगस्टमध्ये. या दोन शाखांत सोळापैकी पाच यंत्रे त्याच चार-शाखांच्या मेन स्विचच्या घोळात मागे राहून नंतर अपडेट झालेली, पण कोणती ते ओल्या वहीवरून कळेना. पासबुकासाठी लोक दारात उभे. मॅडमनी आधी सर्व्हरवरून प्रत्येक यंत्राची स्थिती तपासली आणि मगच काउंटर जोडू दिले. पाऊण तास गेला. शाखाधिकारी वैतागले, पण पुरात भिजलेल्या शाखेत पाऊण तासाचे कोणाला काय.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी माझी चूक. "डोमेन कंट्रोलरवरून कोण छापतं?" हे मी विचारायला हवे होते, सांगायला नको होते. बंद करण्याआधी पाच मिनिटे त्या सर्व्हरवरची सामायिक प्रिंटरची यादी पाहिली असती तर चार दहाचा फोन आला नसता. निर्णय तोच राहिला असता, पण साहेबांचा विश्वास पहिल्या तासातच डळमळला नसता.

दुसरे, मार्चमधला आदेश. वर्षअखेरीला हात न लावणे योग्यच होते. त्याच आदेशात "एक एप्रिलला हा आदेश संपला" एवढी ओळ हवी होती. ती नसल्याने तीन महिने बँकेचा वेग मार्चच्या जखमेने ठरवला. आता तसा प्रत्येक थांबा तारखेसह रजिस्टरमध्ये जातो: कोणते अपडेट, कोणती यंत्रे, का थांबलो, कधीपर्यंत, आणि तोवर कोणते दार लावले. शेवटचा रकाना रिकामा असेल तर साहेब सही करत नाहीत. सर्वसाधारण मासिक अपडेटला आता दहा दिवस ठरले आहेत, बाहेर वापर सुरू असलेल्या त्रुटीला पुढची सुट्टी. दहाच का, याचेही भक्कम कारण माझ्याकडे नाही. चाचणीला एक आठवडा आणि मध्ये येणारा शनिवार-रविवार, एवढाच हिशेब.

तिसरी गोष्ट आम्हाला ऑक्टोबरमध्ये कळली. १० ऑगस्टच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला सर्वत्र अ‍ॅडमिनचा पासवर्ड सक्तीचा केला. स्विच पेटी असलेल्या नऊ शाखांना त्याची झळ लागली नाही. मुख्य शाखेत मात्र ठेव पावत्या त्या जुन्या संगणकावरच्या सामायिक प्रिंटरवर निघत होत्या, आणि तिथे दर थोड्या वेळाने पासवर्डची खिडकी यायला लागली. या अपडेटची चाचणी आम्ही पासबुकावर केली होती, ठेव पावतीवर नाही.

ऑक्टोबरच्या तपासणीत मुख्य शाखेतल्या एका क्लार्कच्या लॉगिनला अ‍ॅडमिनचे अधिकार दिलेले सापडले. १२ ऑगस्टला दिलेले. आयटी विभागातल्या सर्वांत तरुण मुलाने ते दिले होते. त्याने लपवले नाही. म्हणाला, "सर, मॅडम दुसऱ्या शाखेच्या फोनवर होत्या, आणि इथे रांग जिन्यापर्यंत गेली होती. संध्याकाळी काढून घेणार होतो."